मॅग्निटोगोर्स्क : किल्ली कोणाच्या हातात?

‘समाजवादी शहर’ हा शब्द कुठं निघाला की आपल्याकडचे दोन जातीचे पंडित खडबडून उठतात.

पहिला पंडित जुना आहे. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्तातली पुस्तकं त्याच्या कपाटात अजून धूळ खात पडलीयत. सोव्हिएत युनियन १९९१ साली मोडून पडलं, पण ह्याच्या डोक्यातला देखावा काही मोडला नाही. रुंद रस्ते, पाळणाघरं, कामगारांसाठी राजवाडे, मधोमध धगधगणारी भट्टी. त्याला विचारा, बाबा रे, भट्टीवरचा माणूस पाळी सुटल्यावर झोपत कुठं होता? तो लगेच इतिहासाच्या अपरिहार्यतेवर व्याख्यान सुरू करतो.

दुसरा पंडित नवा आहे. गुळगुळीत आहे. बिल्डरच्या जाहिरातीसारखा बोलतो. तो म्हणतो, बघा, सरकार गरिबांसाठी शहर बांधायला निघालं की असंच होतं. योजना करणं हेच पाप. सगळं बाजारावर सोडा, बाजार सगळ्यांना आपापल्या जागी बसवील.

आपापल्या जागी बसवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मित्रांनो, हे दोघंही एकच लबाडी करतात. दोघंही नकाशाकडं बघतात. एक नकाशाला ओवाळतो, दुसरा नकाशाला शिव्या घालतो. नकाशातल्या चौकोनात जो माणूस राहायचा होता, त्याला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न दोघांच्याही तोंडून येत नाही. म्हणून आपण तो विचारायचा. आणि हवेत नाही विचारायचा. एक शहर घ्यायचं, त्याच्या विटा मोजायच्या. ते शहर मॅग्निटोगोर्स्क.

२

उरल पर्वताच्या दक्षिण टोकाला, उरल नदीच्या काठी, एक डोंगर होता. मॅग्निटनाया, म्हणजे चुंबकाचा डोंगर. सगळा लोहखनिजानं भरलेला. आजूबाजूला उघडं गवताळ माळरान. झाड नाही, सावली नाही, हिवाळ्यात हाडं गोठवणारा वारा. १९२९ च्या जानेवारीत सोव्हिएत सरकारनं ठरवलं, इथं पोलादाचा कारखाना उभा करायचा. ३० जून १९२९ ला पहिली रेल्वे त्या माळावर पोचली. त्यानंतर माणसं येतच राहिली. कोणी कोमसोमोलचा झेंडा घेऊन आपखुशीनं आलं, कोणी भुकेपोटी आलं, कोणाला बंदुकीच्या धाकानं आणलं. १९३२ पर्यंत जिथं काहीच नव्हतं तिथं दोन लाखांच्या घरात माणसं होती. आधी तंबू, मग बराकी, मग झेमल्यांका. झेमल्यांका म्हणजे जमिनीत खड्डा खणायचा, वर फळ्या-माती टाकायची नि आत संसार मांडायचा.

आता गंमत ऐका. जगातल्या पहिल्या कामगार राज्याचा हा मानाचा कारखाना. त्याचा आराखडा कोणाचा? क्लीव्हलंडच्या आर्थर मॅकी कंपनीचा. १९३० साली हा करार झाला. नमुना कुठला? इंडियाना राज्यातलं गॅरी. यू.एस. स्टील कंपनीनं १९०६ साली मिशिगन सरोवराच्या काठावर वसवलेलं शहर.

अमेरिकन यंत्र घेतलं म्हणून आम्ही बोंब मारत नाही. यंत्राला धर्म नसतो, जात नसते. झोतभट्टी कोणाचीही असो, लोखंड वितळवते. पण गॅरी म्हणजे नुसती गिरणी नव्हती. गॅरी म्हणजे मालकानं वसवलेलं गाव. कंपनीनं कुशल कामगारांसाठी आणि साहेबांसाठी आखीव प्लॉट, पक्की घरं, फरसबंद रस्ते केले. बाकीचे, म्हणजे पूर्व युरोपातून आलेले हमाल आणि दक्षिणेतून आलेले काळे मजूर, रेल्वेच्या रुळांपलीकडं ‘पॅच’ नावाच्या वस्तीत लाकडाच्या खोपटांत कोंबले गेले. १९१९ साली पोलाद कामगारांनी संप केला तेव्हा त्या गावात लष्कर आलं.

मॅग्निटोगोर्स्कनं गॅरीची गिरणी घेतली. ‘पॅच’ घेणार नाही, असं ठरलं होतं. त्याच्या जागी समाजवादी शहर येणार होतं. सगळा सवाल इथं आहे. गिरणी आली. आणि तिच्या मागोमाग, कोणी नकाशात न काढता, ‘पॅच’सुद्धा आला.

३

तो आला कसा हे कळायला आधी कागदावर काय चाललं होतं ते बघू. कागदावर भलतंच सुंदर चाललं होतं. हे चेष्टेनं म्हणत नाही. १९२९-३० च्या त्या दीड-दोन वर्षांत मॉस्कोत जो वाद झाला, तसा वाद शहराबद्दल जगात फारसा कुठं झालेला नाही.

लिओनिद साब्सोविच म्हणाला, घर नावाची कोंडी फोडा. दोन-तीन हजार माणसांची एकेक सामूहिक इमारत बांधा. प्रत्येक प्रौढाला झोपायला एक खोली. स्वयंपाक मोठ्या भटारखान्यात, कपडे धुलाईगृहात, मुलं बालगृहात. बाई चुलीतून सुटली पाहिजे. मिखाईल ओखितोविच म्हणाला, इमारतीची ही छावणी नकोच. शहरच विसर्जित करा. सुटी, हलकी, उचलून नेता येतील अशी घरं रस्त्यांच्या कडेनं पसरा. निकोलाय मिल्युतिननं १९३० साली ‘सोत्सगोरोद’ हे पुस्तक काढलं. त्याचं शहर पट्ट्यांचं. आधी रेल्वे, मग कारखाने, मग किमान पाचशे मीटर झाडांचा पट्टा, मग घरं, मग बाग, मग शेती. वारा बघून घरं अशी ठेवायची की धूर अंगावर येणार नाही. कामगार झाडांतून चालत कामावर जाईल.

वाचताना छाती भरून येते. चुलीतून बाईची सुटका, धुरापासून पोरांची सुटका, पोटभाडेकरूपासून गरिबाची सुटका. हे मागणं चुकीचं आहे असं जो म्हणेल त्याच्याशी आपलं भांडण आहे, कायमचं.

पण आता नीट बघा. हा वाद कोणाकोणात चाललाय? वास्तुशिल्पी, अर्थशास्त्री, कमिसार. कोणी कसं झोपायचं, किती मीटरमध्ये झोपायचं, मुलाला छातीशी धरायचं की बालगृहात द्यायचं, हे सगळं ठरतंय; आणि ज्याच्या झोपेचा नि लेकराचा प्रश्न आहे तो तिकडं माळावर खड्डा खणतोय. त्याचं मत हा ह्या चर्चेतला विषयच नाही. तो बांधकामाचं साहित्य आहे. विटेसारखा.

आणि मिल्युतिनसाहेब? मॉस्कोत नार्कोमफिनची सामूहिक जीवनाची प्रसिद्ध इमारत १९३० च्या सुमारास उभी राहिली. खाली लहान लहान घरं, सामाईक खानावळ. गच्चीवर वेगळं, ऐसपैस घर. ते कोणाचं? मिल्युतिनचं. समतेच्या इमारतीलाही वरचा मजला होता, आणि वरच्या मजल्यावर कोण राहणार हे आधीच ठरलेलं होतं. उतरंडीत वरचं मडकं नेहमी लहान आणि मानाचं असतं.

पुढं हा वादही मिटवला गेला. १९३० च्या मे महिन्यात पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं ठराव करून साब्सोविचसारख्यांना फटकारलं : एका उडीत नवं जीवन आणायची स्वप्नं बघू नका, पैसा उद्योगाला हवाय. जून १९३१ मध्ये कागानोविचनं त्यावर झाकण घातलं. त्याचं म्हणणं असं की आपली शहरं क्रांती झाली त्या दिवसापासूनच समाजवादी आहेत; हे समाजवादी शहर कसं असावं, हा वाद आता कशाला?

बघा ही युक्ती. शहर समाजवादी आहे, कारण सरकार समाजवादी आहे. सरकार समाजवादी आहे, कारण ते तसं म्हणतंय. मग गळक्या बराकीत राहणाऱ्यानं तक्रार केली तर ती बराकीविरुद्ध राहत नाही, क्रांतीविरुद्ध होते. जो नाव देतो तो सवालही बंद करतो. ओखितोविचनं तोंड बंद ठेवलं नाही. १९३५ मध्ये त्याला अटक झाली, १९३७ मध्ये तो छावणीत मेला.

४

१९३० च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतून एर्न्स्ट माय आला. फ्रँकफर्ट शहरात पाच वर्षांत कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गासाठी हजारोंनी घरं बांधून दाखवलेला माणूस. सोबत वीसएक सहकारी. त्यांत मार्गारेटे शुट्ट-लिहोत्स्की होती. बाईच्या पायपिटीचा हिशेब करून आटोपशीर ‘फ्रँकफर्ट किचन’ आखणारी हीच. ही माणसं ढोंगी नव्हती. त्यांना खरोखर काही करायचं होतं.

पण माय मॅग्निटोगोर्स्कला पोचायच्या आधीच, ५ जुलै १९३० ला, पहिल्या पक्क्या इमारतीची कोनशिला बसली होती. नकाशा तयार व्हायच्या आधी पाया. कारखान्याचा आकारही दर काही महिन्यांनी फुगत होता. आधी वर्षाला साडेसहा लाख टन लोखंडाचा बेत होता, १९३० मध्ये तो पंचवीस लाख टनांवर गेला. टन वाढले की माणसं वाढणार, माणसं वाढली की घरं वाढायला हवीत. टनांचा आकडा वरून यायचा, घरांचा आकडा मागून धापा टाकत यायचा.

शहराला जागा कुठली? पूर्वेला कारखाना आणि खाण, पश्चिमेला कारखान्याच्या पाण्यासाठी धरण बांधून केलेला तलाव. मधली उरलेली जागा शहराची. मायची सरळ रांगांतली घरं डाव्या काठावर, भट्टीच्या धुराच्या टप्प्यात उभी राहिली. झाडांचा पट्टा कागदावर. पलीकडचा उजवा काठ राहायला बरा, हे तज्ज्ञांना कळत होतं. पण उजव्या काठाला पूल हवा, ट्राम हवी, म्हणजे सिमेंट हवं, पोलाद हवं. ते भट्टीकडं चाललेलं. उजव्या काठावर खरं शहर उभं राहिलं ते महायुद्धाच्या आगेमागे आणि नंतर. तोवर दोन पिढ्यांनी धूर गिळला.

जेवण सार्वजनिक खानावळीत होणार म्हणून घरात चूल नको, असा विचार होता. विचार उत्तम. पण खानावळीत ताटं कमी, चमचे कमी, रांग मोठी. मग बाईनं खोलीतच प्रायमस पेटवला. पाळी करून आलेली बाई आता खानावळीच्या रांगेतही उभी, दुकानाच्या रांगेतही उभी आणि प्रायमससमोरही उभी. पक्षातला स्त्रियांचा विभाग १९३० च्या सुरुवातीलाच बंद केलेला. १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी आली. चूल नकाशातून गेली, बाईच्या डोक्यावरून गेली नाही.

३१ जानेवारी १९३२ ला पहिली झोतभट्टी पेटवली गेली. जगभर बातमी. त्याच साली वालेन्तिन कातायेवची ह्याच बांधकामावरची कादंबरी आली : काँक्रीट ओतण्याचा विक्रम, काळाला पुढं हाकणारी माणसं. डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्सनं इथं येऊन सिनेमा काढला. सगळं खरं होतं. विक्रम खरे होते, उत्साहही खरा होता. आणि तंबूत गोठणारी पोरंही खरी होती.

५

आता आकड्यांवर या, म्हणजे भावनेनं बोलतो असं कोणी म्हणायला नको.

जॉन स्कॉट नावाचा अमेरिकन पोरगा १९३२ मध्ये वेल्डर म्हणून मॅग्निटोगोर्स्कला गेला. अमेरिकेत मंदी, इथं क्रांती, म्हणून आपखुशीनं गेला. तिथंच लग्न केलं, तिथंच रात्रशाळेत शिकला. त्याचं ‘बिहाइंड द उरल्स’ हे पुस्तक १९४२ मध्ये आलं. तो शत्रू नव्हता. त्यानं १९३८ च्या सुमाराची राहण्याची वाटणी दिलीय ती अशी : बेर्योझ्की आणि मुख्य हॉटेलात शंभरातली दोन माणसं. किरोव्ह भागातल्या आणि इतर पक्क्या इमारतींत पंधरा. स्वतंत्र पक्क्या घरांत आठ. बराकी आणि ‘तात्पुरत्या’ घरांत पन्नास. झेमल्यांकात पंचवीस.

म्हणजे दहा वर्षं होत आली तरी शंभरातली पंच्याहत्तर माणसं बराकीत नाहीतर खड्ड्यात. ‘तात्पुरतं’ हा शब्द सरकारी कागदावर किती वर्षं जगतो, हे संक्रमण शिबिरात म्हातारं झालेल्याला विचारा.

आणि ही बेर्योझ्की काय भानगड? कारखान्यापासून दूर, बर्च झाडांत, अमेरिकन इंजिनिअरांसाठी बांधलेले बंगले. अमेरिकन गेले. बंगल्यांत कोण आलं? कारखान्याचे आणि पक्षाचे बडे साहेब. डायरेक्टर झावेन्यागिनचं घर तर स्कॉटच्या वर्णनाप्रमाणं चौदा खोल्यांचं. त्यात बिलियर्डची खोली, संगीताची खोली. परदेशी तज्ज्ञांसाठी दुकानही वेगळं. खानावळींतसुद्धा पायऱ्या : कोणाचं कार्ड कुठल्या दर्जाचं, त्यावर ताटात काय पडणार ते ठरे.

ही झाली वरची बाजू. आता वेशीबाहेरची बाजू. १९३१ पासून ‘कुलाक’ ठरवून गावांतून उपटलेली शेतकरी कुटुंबं मालगाड्यांतून इथं ओतली गेली. तीस हजारांहून जास्त माणसं. त्यांची ‘विशेष वस्ती’. पहिला हिवाळा तंबूत. लेकरं मेली, म्हातारी मेली. जगली ती पहाऱ्यात कामाला जुंपली गेली. त्याशिवाय कैद्यांची वेगळी वसाहत. समाजवादी शहराचा पाया खणणाऱ्या फावड्यांतली कितीतरी फावडी ह्या हातांत होती. शहराच्या गौरवगाथेत त्यांचं नाव नाही. अनेक दशकं नव्हतंच.

गावकूस म्हणजे काय, ते कुठं असतं, त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आपल्या वाचकाला समजावायची गरज नाही. गावकुसाला भिंत लागत नाही. रेशनकार्ड पुरतं. शिक्का पुरतो.

६

हे सगळं साधनं कमी होती म्हणून झालं, असं पहिला पंडित म्हणेल. अर्धं खरं आहे. देश गरीब होता, जगानं वाळीत टाकला होता, सिमेंट कमी होतं. पण सिमेंट कमी असलं तर बिलियर्डच्या खोलीला कुठून आलं? गरिबी सगळ्यांची असेल तर वाटणीही सगळ्यांनी मिळून करायची. इथं वाटणारा हात एकच होता. तो कोणाला जबाबदार नव्हता.

कारखाना घराचा मालक. कारखाना खानावळीचा मालक, स्नानगृहाचा मालक, ट्रामचा मालक. वर्तमानपत्र त्याचं, क्लब त्याचा, दवाखानाही त्याचाच. १५ नोव्हेंबर १९३२ चा हुकूम वाचा. कारणाशिवाय एक दिवस कामाला दांडी मारली तर नोकरी जाणार, रेशनकार्ड जाणार आणि कारखान्याचं घरही जाणार. पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची, दोन्ही दोऱ्या एकाच मुठीत. त्यानंतर दीड महिन्यात, २७ डिसेंबरला, अंतर्गत पासपोर्टचा कायदा. शहरात राहायचं तर नोंदणी, नोंदणीला शिक्का. सामूहिक शेतावरच्या माणसाला पासपोर्टच नाही. त्याला तो सरसकट मिळायचा निर्णय झाला १९७४ मध्ये.

गॅरीचा मालक यू.एस. स्टील. मॅग्निटोगोर्स्कचा मालक कामगारांचं राज्य. पण कामगाराच्या बाजूनं बघा. घराची किल्ली दोन्हीकडं साहेबाच्या खिशात. गॅरीत निदान दुसऱ्या गावी पळता येत होतं आणि संप करून मार खाता येत होता. इथं संप कोणाविरुद्ध? मालक तर तूच आहेस, असं सांगितलेलं. मालकाच्या दारात मालकानंच भीक मागायची, आणि वर टाळ्याही वाजवायच्या!

जे यंत्र बोलू देत नाही ते शेवटी आपल्या चालकालाही सोडत नाही. भट्टी पेटली तेव्हा डायरेक्टर होता याकोव्ह गुगेल. १९३७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. बांधकामाचा प्रमुख व्हालेरियस, १९३८ मध्ये तोही गेला. शहराचा पक्षसचिव लोमिनाद्झे ह्यानं १९३५ च्या जानेवारीत स्वतःवर गोळी झाडली. माय आणि त्याचे काही साथीदार १९३३ मध्ये देश सोडून गेले म्हणून वाचले.

७

‘पण महायुद्ध?’ पहिला पंडित शेवटचं पान टाकतो. ‘मॅग्निटोगोर्स्क नसतं तर हिटलर मॉस्कोत बसला असता.’

कबूल. अगदी मनापासून कबूल. १९४१ च्या उन्हाळ्यात ह्याच कारखान्यानं घाईघाईनं रणगाड्यांचं चिलखती पोलाद लाटायला घेतलं. उरलचं पोलाद नसतं तर फॅसिझमची मान मोडली नसती. आपल्याकडं अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पवाडा रचला, १९६१ मध्ये रशिया बघून आल्यावर प्रवासवर्णन लिहिलं. त्या मातीबद्दलची आपल्या वस्त्यांतली माया कोणी विकत घेतलेली नव्हती. अडाणी शेतकऱ्याचा पोरगा चार-पाच वर्षांत वेल्डर होतो, रात्री बीजगणित शिकतो, त्याची बहीण क्रेन चालवते, दवाखान्यात औषध फुकट मिळतं. हे ज्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं त्यांना त्याची किंमत कळते. आम्ही ती कमी करणार नाही.

पण हे श्रेय कोणाचं? पोलाद कोणी ओतलं? बराकीतल्यानं ओतलं. खड्ड्यातल्या बाईनं ओतलं. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्याही हातांनी ओतलं. त्यांच्या घामाची पावती डायरेक्टरच्या बिलियर्डच्या खोलीत टांगायची असेल तर आपण टांगू देणार नाही. लोकांनी जिंकलेलं युद्ध दाखवून लोकांची तोंडं बंद करायची, ही सत्ताधाऱ्याची जुनी खोड आहे. सत्ता कुठल्याही रंगाची असो.

८

आता दुसऱ्या पंडिताकडं. तो एवढा वेळ खूश होऊन ऐकत असेल. थांब जरा, लेका.

तुझ्या बाजारानं गॅरीचं काय केलं? पोलादाचे दिवस पालटले तसं कंपनीनं माणसं काढली. गोऱ्यांनी गाव सोडलं. शहराची लोकसंख्या १९६० मध्ये पावणेदोन लाखांच्या वर होती, २०२० च्या जनगणनेत सत्तर हजारांखाली आली. ओस घरं, बंद शाळा, आणि मागं राहिली ती मुख्यतः काळी माणसं. तिथं कुठल्या कमिसारनं योजना केली होती?

आणि मॅग्निटोगोर्स्क बाजारात गेलं तेव्हा काय झालं? १९९२ मध्ये खासगीकरण सुरू झालं. ज्यांच्या आज्या-आजोबांनी खड्ड्यात झोपून कारखाना बांधला त्यांच्या हातात व्हाउचर नावाचा कागद दिला. पुढं बहुतेक सगळे शेअर एका विक्टर रश्निकोव्हच्या हाती गोळा झाले. म्हणजे आधी कारखाना सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नाही. आता उघड-उघड एकाचा. किल्ली ह्या खिशातून त्या खिशात गेली. कामगाराच्या खिशात ती तेव्हाही नव्हती, आताही नाही.

तेव्हा पाप योजनेचं नाही. योजना करणाराला ‘नाही’ म्हणायचा हक्क राहणाऱ्याला नव्हता, हे पाप आहे.

पुरावा हवा? पोलंडमध्ये क्राकुव्हजवळ १९४९ मध्ये नोव्हा हूता बांधायला घेतलं. लाखभर माणसांचं आदर्श पोलादनगर. कारखान्याला लेनिनचं नाव. मॅग्निटोगोर्स्कपेक्षा घरं कितीतरी बरी. पण ह्या शहरात काय असावं नि काय नसावं हे पुन्हा वरूनच ठरलं. लोकांना चर्च हवं होतं. जागा दिली, मग काढून घेतली. २७ एप्रिल १९६० ला ठरलेल्या जागेवरचा क्रूस उपटायला माणसं आली तेव्हा बाया पुढं झाल्या, सगळं गाव रस्त्यावर आलं, पोलिसांशी जुंपली. चर्च हवं की नको हा आपला वाद नाही. मुद्दा एवढाच, की आमच्या गावात काय असावं ते आम्ही ठरवू, हे त्या कामगारांनी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडून सांगितलं. पुढं ऐंशीच्या दशकात तोच कारखाना ‘सॉलिडॅरिटी’चा बालेकिल्ला झाला. १९८८ च्या मे महिन्यात सरकारनं संपावर सशस्त्र पोलीस घातले. १९८९ मध्ये भर चौकातला लेनिनचा पुतळा हलला. दान म्हणून दिलेलं शहर माणसं कृतज्ञतेनं चाटत बसत नाहीत. दान देणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येत नाही.

९

हा नकाशा आपल्यापासून लांब राहिलेला नाही. १९५५ मध्ये भारत-सोव्हिएत करार झाला, सोव्हिएत तंत्रज्ञांच्या मदतीनं भिलाईचा कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी सुरू झाली. आखीव सेक्टर, शाळा, दवाखाने, झाडांचे रस्ते. पोटापाण्यासाठी देशभरातून माणसं गेली, मराठी माणसंही गेली. कायम कामगाराला क्वार्टर मिळालं, पोरांना शिक्षण मिळालं. चांगलं झालं. पण भट्टीला खनिज पुरवणारी दल्ली-राजहराची खाण? तिथं हातानं दगड फोडणारे हजारो ठेकेदारी मजूर, छत्तीसगढी आणि आदिवासी. ते सेक्टरच्या नकाशात नव्हतेच. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःची युनियन काढली, शंकर गुहा नियोगी त्यांचा नेता. त्याच जूनमध्ये पोलीस गोळीबारात अकरा माणसं पडली.

पुढं काय झालं ते आपण पाठ करण्यासारखं आहे. ह्याच मजुरांनी दारूविरुद्ध लढा दिला. यंत्रं येऊन सगळ्यांची रोजी जाणार म्हटल्यावर नुसता ‘नको’ म्हणून ते थांबले नाहीत. अर्धं काम यंत्रानं नि अर्धं हातानं, अशी स्वतःची पर्यायी योजना त्यांनी व्यवस्थापनासमोर ठेवली. आणि मेलेल्या साथींच्या नावानं, स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या श्रमातून, १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत गोळी घातली. हॉस्पिटल उभं राहिलं ते राहिलंच.

माय आणि मिल्युतिनच्या कागदांपेक्षा ती इमारत साधी आहे. पण जिनं पाटी वाहिली तिलाच आत खाट मिळते, आणि ती कशी चालवायची ह्यात तिला बोलता येतं. समाजवादी शहराची एक वीट बघायची असेल तर मॅग्निटोगोर्स्कच्या पोस्टरवर शोधू नका. तिथं जा.

१०

म्हणून, पोरांनो, उद्या कोणीही नकाशा घेऊन तुमच्या वस्तीत आला, लाल झेंड्याचा असो, तिरंग्याचा असो, कंपनीचा असो, तर त्याच्या रंगीत चौकोनांकडं बघून हुरळू नका आणि त्याला बघताच दगडही उचलू नका. खाली बसवा. पाणी द्या. आणि विचारा :

हे बांधणारे बांधून झाल्यावर राहणार कुठं?

नोकरी गेली तर घर राहील का?

‘तात्पुरतं’ म्हणजे किती वर्षं, लिहून दे.

वाटप कोण करणार, त्याला आम्ही काढू शकतो का?

धूर कोणाच्या अंगावर जाणार?

ह्यात चूल कुठाय, आणि चूल नसेल तर बाईच्या डोक्यावरचं ओझं कोण उचलणार?

आणि शेवटचं : तू स्वतः ह्यातल्या कुठल्या चौकोनात राहणार?

ह्या सातांची उत्तरं ज्याच्याकडं असतील त्याच्याबरोबर विटा वाहू. नसतील त्यानं नकाशा गुंडाळावा. आपल्याला कोणी बांधून दिलेलं शहर नकोय. किल्ली पाहिजे. ती मागून मिळाली नाही तर कुलूप फोडायला आपले हात आहेतच. भट्ट्या ह्याच हातांनी बांधल्यात.